एक बोट लूज

आईने ओल्या फडक्याने मुलीची डावी मांडी पुसली आणि गुडघ्याच्या वर दोन चिकट पॅड दाबून बसवले. वायरी जोडून करंट देणाऱ्या डबीचं बटण दाबलं. मांडीचा स्नायू आखडला, थरथरला, दहा सेकंदांनी सैल पडला.

"नुसता करंट खाऊ नकोस, तूही जोर लाव." फिजिओथेरपिस्टबाईंचं पाठ झालेलं वाक्य आईने म्हटलं.

"लावतेय गं. माझ्यापेक्षा डबीच जास्त घाम गाळतेय. तिलाच पाठव निवड चाचणीला."

आई हसली नाही. चाचणी पंधरा दिवसांवर आली होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डावी मांडी वाळत गेली होती. दोन्ही मांड्यांच्या घेरात दोन सेंटिमीटरहून कमी फरक राहिला तरच पळायचं, नाहीतर गुडघा पुन्हा जाईल, असं बाईंनी बजावलं होतं. दर रविवारी माप घेऊन बाईंना कळवायचं काम आईकडे. वीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईला टेप कशी धरायची ते कोण शिकवणार?

पहिला महिनाभर आकडा हललाच नाही. मुलीचा चेहरा असा काही उतरला की पुढच्या रविवारी डाव्या मांडीवर आईने टेपखाली बोट सरकवलं. ब्लाउजच्या मापाला ठेवतात तसं, एक बोट लूज. आकडा वाढला आणि त्या दिवशी पोर पोटभर जेवली. मग बोट तिथेच राहिलं. कधी एकाचं दीड झालं.

काल बाईंचा फोन आला होता. "छान भरतेय मांडी. उद्याचं माप नीट आलं तर सोमवारपासून पळू दे." तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

डबी गप्प झाली. आईने मुलीची पळायची चड्डी दोरीवरून काढली. तिनेच शिवलेली. घडी घालताना हात थांबला. डावा पाय आतून आवळला होता, हातशिलाईने, वेडेवाकडे टाके घालून. तिने दुमड चिमटीत धरली. चार सेंटिमीटर, थोडं जास्तच. धागा धुऊन धुऊन विटला होता.

"हे कधी केलंस?"

"झाले दोन महिने. ती बाजू फडफडायची. मैत्रिणी बघायच्या."

"मला दिली असतीस, मशीनवर मारली असती." मग हळूच, "बोलली का नाहीस?"

मुलीने पॅड सोलून काढले, एकेक करून प्लास्टिकच्या कागदावर चिकटवले.

"आकडा वाढला की तू नीट जेवायचीस."

तिने पाय लांब केला आणि आईच्या गळ्यातली टेप ओढून तिच्या हातात दिली.

"घे माप. आणि आई, आज बोट काढ."

आईने बोट काढलं. टेप मांडीला जिथे बसायची तिथे बसली. आकडा दोघींनी वाचला. उजव्या मांडीशी फरक अजून दोनच्या बराच वर होता.