गाठींची टोपी

जन्नतबीच्या घरात जी वस्तू दोन दिवस एका जागी राही, तिच्यावर क्रोशाचं काहीतरी चढायचंच. रेडिओला झालरीचं झाकण, पाण्याच्या कळशीवर मणी ओवलेली जाळी, उशांना कडा, आरशाला कमान. बाजाराची पिशवीसुद्धा तिनेच विणलेली. तिच्यात बांगडे भरले की भोकांतून शेपट्या बाहेर यायच्या. तिचा होडीवर जाणारा नवरा मुनीर म्हणायचा, "मी जरा गप बसलंय तर माका पण झाकण घालशीत!"

घातलंच होतं की तिने. दर रमजान ईदेला त्याच्या डोक्यावर नवी पांढरी टोपी यायची, क्रोशाची, बारीक विणीची. लग्नापासून एकही ईद चुकली नव्हती. मालवणच्या दर्यात मुनीरच्या कितीतरी टोप्या वाऱ्याने उडून गेल्या असतील, पण ईदेची टोपी तो होडीवर कधी नेत नसे.

त्र्याऐंशी साली मात्र टोपी चुकायची वेळ आली. मे महिन्यात जन्नतबी विहिरीच्या काठावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत पाऊस लागला, होड्या वर ओढल्या गेल्या. हाड छान जुळलं होतं, पण बोटं काही केल्या मिटेनात. डॉक्टरांनी स्वच्छ शुद्ध मराठीत बजावलं, "बोटं रोज चालवायची. आता नाही चालवलीत तर ती कायमची अशीच राहतील. मग माझ्याकडे औषध नाही."

घरी आल्या आल्या जन्नतबीने विणकामाचा डबा उघडला. ईदेच्या टोपीचा वरचा भाग ती पडण्याआधीच विणून झाला होता. तिने क्रोशाची सुई धरली, चार खांब, म्हणजे उभे टाके, घातले आणि पाहिलं. चारही वाकडे. तिने ते उसवले, सुई डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"मेलो माझो हात," ती म्हणाली. शेजारचं कोणी गेल्यासारखं म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. त्या दिवसापासून तो हात पदराखालीच.

मुनीरने तेल चोळून पाहिलं, समजावून पाहिलं, एकदा तर चांगला ओरडलाही. ती ऐकून घ्यायची, आणि डाव्या हाताने चहा ढवळायची. वेंगुर्ल्याला दिलेली लेक येऊन रडून गेली. मुनीरला रडता येत नव्हतं, म्हणून तो जास्तच चिडचिडा झाला. ह्या बाईचा हात असाच राहिला तर ती त्या हाताबरोबरच मिटून जाईल, ही भीती त्याला दिवसरात्र खात होती.

रमजान लागला. बाहेर पाऊस, घरात रोजा, आणि मुनीरला काम म्हणाल तर जाळी दुरुस्त करण्याचं. एका दुपारी जाळं विणता विणता त्याच्या डोक्यात आलं, दोरा तो दोरा आणि भोकं ती भोकं. मिसरूड फुटायच्या आधीपासून आपण जाळी विणतोय, तर वीतभर टोपी पुरी करायला काय जातं? ईदेला डोक्यावर टोपी पाहिली की तिलाही उमेद येईल.

मग काय, जन्नतबी दुपारी आडवी झाली की गडी डबा काखेत मारून मांगरात, जाळी ठेवायच्या खोपटात. क्रोशाच्या सुईशी त्याचं जमलं नाही. त्याने आपली जाळ्याची लहान लाकडी सुई काढली, तिच्यात पांढरा दोरा भरला आणि टोपीच्या कडेपासून जाळ्याची भोकं, म्हणजे डोळे, पाडत सुटला. प्रत्येक डोळ्याला गाठ, प्रत्येक गाठ दाताने ओढून घट्ट. सुटलेला एक डोळा म्हणजे गेलेली मासळी, हेच तो जन्मभर शिकला होता. टोपी टिकावी म्हणून जुन्या सुती जाळ्यांसारखी ती ऐनाच्या सालीच्या तांबड्या काढ्यात बुडवायचंही त्याच्या मनात आलं होतं. तेवढं अल्लाने वाचवलं.

टोपी पुरी झाली तेव्हा शेजारची नर्मदा इफ्तारीला म्हणून फणसाचे गरे घेऊन आली होती. मुनीरने मोठ्या ऐटीत टोपी जन्नतबीच्या मांडीवर ठेवली.

नर्मदाने ती उचलून उजेडात धरली. "मुनीरभाय, ही जाळ्यासारखी दर्यात सोडा. सुंगटां गावतली!"

आणि जन्नतबी हसली. पडल्यापासून पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मुनीरला वाटलं, बाजी जिंकली.

"जाळीवाल्याक टोपी विणूक कोणी सांगल्यान?" असं म्हणत तिने डाव्या हाताने दोऱ्याचं टोक शोधलं आणि उसवायला ओढलं. क्रोशाचं काम कसं असतं, एक टोक ओढलं की सरसर सुटत येतं. हे जागचं हललं नाही. तिने पुन्हा ओढलं. हसू उतरलं.

"तुमी गाठी मारल्यात? खंय खंय?"

"सगळीकडे. सुटाक नको म्हणान."

"माझ्या विणीत पण?"

मुनीरने मान डोलावली. पहिली ओळ त्याने तिच्याच शेवटच्या टाक्यांत अडकवून आवळली होती.

"माझो हात बरो होतो तेवाचा ह्या शेवटचा काम," ती हळूच म्हणाली. "ता पण आवळून टाकलात."

"कातरीन काप गो," नर्मदा म्हणाली.

"कातर लागली तर माझी सगळी वीण उसवत धावतली."

मुनीरला तोंड कुठे लपवावं कळेना. चांगलं करायला गेला आणि तिच्या हातची शेवटची वस्तू त्याने नासली होती. त्या संध्याकाळी त्याने रोजा नुसत्या पाण्यावर सोडला.

सकाळी तो पडवीत आला तर जन्नतबी टोपी घेऊन बसलेली. डाव्या हातातली क्रोशाची सुई गाठीत शिरत नव्हती. ती चार वेळा पुटपुटली, टोपी डाव्या हाताने गच्च धरली आणि चिडून उजवा हात पदराबाहेर काढला. अंगठा आणि तर्जनी कशीबशी जवळ आली. सुई पडली. तिने उचलली. पुन्हा पडली.

पहिली गाठ सुटली तेव्हा दुपार झाली होती.

"दातान वडलात काय?" तिने विचारलं.

"होय."

"रोजाच्या दिसाक?"

"गिळूक नाय काय दोरो!"

त्यानंतर रोज हेच. एकेक गाठ आणि तिच्याबरोबर मुनीरचा उद्धार. त्याच्या गाठींचा, दातांचा, शेवटी त्याला जाळी शिकवणाऱ्या त्याच्या बापाचाही. मुनीर सगळं निमूट ऐकायचा. तिची बोटं पकड घ्यायला लागली होती, हे त्याला दिसत होतं. पण बोलायची सोय नव्हती. बोललं की हात पुन्हा पदराखाली जायचा. तो खाली मान घालून आपलं जाळं विणत बसे आणि हळूच बघत राही.

मग एके दिवशी तिने अंबाडा स्वतः बांधला. पुढे एका संध्याकाळी तव्यावर तांदळाची भाकरी पडली, एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. मुनीरने ती मुकाट्याने खाल्ली आणि आणखी एक मागितली. आता त्याला रडता आलं, पण त्याने कालवण तिखट झाल्याचं सांगून वेळ मारून नेली.

ईदेच्या सकाळी तो न्हाऊन आला. जन्नतबीने त्याला स्टुलावर बसवलं आणि टोपी डोक्यावर ठेवली. मुनीर आरशापाशी गेला. वर तिची जुनी बारीक वीण, खाली तिचेच नवे, सैल, वाकडेतिकडे खांब. एक बाजू कानावर उतरलेली.

"वाकडी झाली," ती म्हणाली.

"माझा डोक्याच वाकडा आसा," तो म्हणाला आणि टोपी नीट बसवू लागला. मागच्या बाजूला, जिथे जुनी वीण संपून नवी सुरू होत होती, तिथे त्याच्या बोटाला काहीतरी टणक लागलं.

"जन्नत, हयसर एक गाठ र्‍हवली गो. सुटाक नाय?"

"सुटत होती." तिने दोन्ही हातांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. "मीच ठेवलंय. फुडल्या वर्षाक हात परत आडून बसलो, तर सोडूक काय तरी होया मां?"