दाराबाहेरचा फुसफुश्या

मी एक जुना पंखा आहे; पण मित्रांनो, वारा खायला माझ्याजवळ येऊन बसू नका. मला पत्र्याच्या गोल डब्यात, बारीक भोकांच्या जाळीआड कोंडले आहे, आणि माझ्याकडून एकच काम घेतात : दिवसभर एकसुरी फुसफुस करायची. कारखान्यातल्या तपासनिसाने मला एका बंद दाराशी ठेवले, आतल्या माणसाला बोलत राहायला सांगितले आणि दाराला कान लावला. "काही म्हणजे काही कळत नाही," तो म्हणाला. "पास." माझी परीक्षा झाली ती एवढीच.

तेथून मी एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात आलो. विद्यार्थ्यांना मनातले ओझे पेलवेनासे झाले की ते येथे येऊन बोलतात, आणि समुपदेशक बाई ऐकतात. आतला शब्द बाहेरच्या बाकावर जाऊ नये म्हणून मला दाराबाहेर जमिनीवर ठेवले. माझी वायर दाराखालून आत जाते. बटण आत, टेबलाशेजारी आहे. मुलांनी माझे नाव फुसफुश्या ठेवले.

"काय रे, तू इथे?" एकदा एकाने जाता जाता बाकावरच्या मित्राला हटकले.

"मी नुसता सोबतीला आलोय."

"कुणाच्या?"

बाकावर दुसरे कोणीच नव्हते. दोघे हसले, मग हटकणारा त्याच्या शेजारी येऊन बसला.

केंद्राच्या मोठ्या बाई पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवीत. "आमच्यावरचा मुलांचा विश्वास याच्या जिवावर उभा आहे," असे म्हणत. मी फुगून जाई. पण माझ्यापाशी फार वेळ बसले की माणसांना माझ्या आवाजात काहीबाही ऐकू येते, हे पाहुण्यांना कोणी सांगत नसे. एका मुलाला गेलेल्या वडिलांचा खोकला ऐकू यायचा. एक मुलगी दचकून उठायची आणि रिकाम्या जिन्याकडे बघून "आले" म्हणायची. मी तर फक्त फुसफुसत होतो. निदान मला तसे वाटत होते.

मग केंद्रातल्या दुसऱ्या समुपदेशक, धाकट्या बाई, बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या. बाळ नुकते पालथे पडू लागले होते आणि घरी सासूबाईंजवळ होते. पहिल्याच आठवड्यात त्यांना माझ्या आवाजात बाळाचे रडणे ऐकू येऊ लागले. समोरचा विद्यार्थी बोलत असतानाच त्यांची नजर दाराकडे जाई. तो निघून गेला की त्या दार उघडून बघत. बाक रिकामा. मग घरी फोन करीत.

"अगं, झोपलाय तो," सासूबाई म्हणत. "तू अशी सारखी फोन करत राहिलीस तर तुझा फोनच उठवेल त्याला."

शेवटी त्यांनी मोठ्या बाईंना सांगितले. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

"माझा मुलगा लहान होता तेव्हा मला नळाच्या पाण्यात रडू ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. "खोलीत कोणी नसताना रडू ऐकू आलं, की याचं बटण बंद कर. याच्याबरोबर रडणंही थांबलं, तर ते तुझ्या कानातलंच समज. नाहीतर पळत सुटशील रोज."

तसेच होऊ लागले. बटण बंद, रडणे बंद. धाकट्या बाई सुस्कारा टाकून पुन्हा कामाला लागत. हळूहळू त्यांनी दार उघडून बघणे सोडले. इकडे माझ्या जाळीत धूळ साचली, माझा आवाज घोगरा झाला; मला पुसायला कोणाला सवड नव्हती.

एके दिवशी, सुट्टी लागायच्या आधी, इमारत अर्धी रिकामी झाली होती. धाकट्या बाई आत एकट्याच होत्या. एक उंच मुलगी सॅक पोटाशी धरून बाकावर येऊन बसली. तिने वेळ घेतली नव्हती. दार वाजवायला तिने हात उचलला आणि खाली घेतला, पुन्हा उचलला, पुन्हा खाली घेतला. मग माझ्या आवाजाच्या आडोशाने ती रडू लागली.

आत खुर्ची सरकली. "आई, उठलाय का तो?" बाईंचा फोनवरचा आवाज आला. पलीकडून काय उत्तर मिळाले ते मला कळले नाही, पण बाई म्हणाल्या, "खिदळतोय? मग हे कोण…" आणि त्यांनी माझे बटण बंद केले.

मी थांबलो. मुलीने चटकन बाहीचा बोळा तोंडात कोंबला.

रडणे थांबले.

मित्रांनो, मी नुसता पत्र्याचा डबा. पण तशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन माणसे श्वास रोखून होती. मग आत खुर्ची पुन्हा करकरली. बाई बसल्या. मोठ्या बाईंच्या नियमाप्रमाणे ते रडणे त्यांच्या कानातलेच होते. मुलीने सॅक खांद्याला अडकवली आणि पाय न वाजवता ती जिन्याकडे निघाली. पुन्हा ती वर चढून आली नसती. तिच्या पाठीकडे बघून मला ते कळत होते.

तेवढ्यात दार उघडले.

"थांब," बाई म्हणाल्या. "तूच रडत होतीस ना?"

"तुम्हाला कसं कळलं? मी तर गप्प झाले होते."

"तेच तर. रडू बटणाबरोबर गेलं नाही, बटणानंतर गेलं. घरी तान्हं आहे माझ्या. मूल शांत असणं आणि मुलाने तोंड दाबून घेणं, यातला फरक कळतो गं मला."

मुलगी कठड्याला धरून उभी राहिली. "मला वाटलं, तुम्हाला आतून ऐकू येतंय आणि तुम्ही मुद्दाम येत नाही."

"ये आत. आधी नुसती बस. बोलायलाच पाहिजे असं नाही."

ती आत गेली. बाईंनी मला पुन्हा सुरू केले, आणि आतले शब्द माझ्यात बुडून गेले.

धाकट्या बाईंना अजूनही माझ्यात रडणे ऐकू येते. आता त्या प्रत्येक वेळी दार उघडतात. बाक बहुधा रिकामाच असतो. तरीही त्या बाकाकडे बघून "ये" म्हणतात, आणि कोणी आत येऊ शकेल एवढा वेळ दार उघडे धरतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी माझी तक्रार नाही. पण घरात, वर्गात, शेजारच्या खोलीत एखादे रडणे मध्येच थांबले, तर 'बरे झाले, थांबले' म्हणून पाठ फिरवू नका. उठा, आणि दार उघडून बघा.