ताईची प्लीहा

सर्जन म्हणत होते कॅन्सर, मी म्हणत होते प्लीहा, आणि ताई म्हणत होती, ‘तुमचं भांडण मिटलं की मला सांगा.’ लहानपणी सायकलवरून पडून तिची प्लीहा फुटली होती, ती तेव्हाच काढून टाकली. पण तिचे सांडलेले कण पोटात भलत्याच जागी रुजून आता त्यांच्या तीन गाठी झाल्यात, हे मी घसा कोरडा करून सांगत होते आणि सर्जनना पोट उघडायची घाई. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! ‘सिद्ध करा, नाहीतर उद्या सकाळी ऑपरेशन,’ एवढं बोलून ते निघून गेले.

सिद्ध करणं हे तर माझं, स्कॅन विभागातल्या डॉक्टरचं, रोजचंच काम. ताईचं थोडं रक्त काढून तापवलं, त्यात किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलं आणि परत तिच्या शिरेत सोडलं. अशा पोळलेल्या रक्तपेशी प्लीहा जिथे असेल तिथे ओढून घेते आणि कॅमेऱ्यात तेवढीच जागा उजळते. पडद्यावर ताईचं पोट काळंच राहिलं. तीन ठिपके उजळले होते, पण तिच्या देहाबाहेर, मी तिचा हात धरून बसले होते त्या बाजूला.

द्रव्य अंगावर सांडलं असणार म्हणून चरफडत कोट बदलला, हात कोपरापर्यंत घासले आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. ठिपकेही पलीकडे आले. असा संताप झाला की मशीनवर थापच मारली. ‘काखेत कळसा न् गावाला वळसा,’ ताई डोळे मिटूनच पुटपुटली.

तिला वॉर्डात पाठवलं, दार लावलं आणि मी स्वतः टेबलावर आडवी झाले. ताईच्या सीटी स्कॅनमध्ये दिसल्या होत्या तिथेच, तशाच तीन गाठी माझ्या पोटात लखलखत होत्या. मला तर सुईसुद्धा टोचलेली नव्हती! आता काय कपाळ सांगू कुणाला? दातओठ खात ते चित्र ताईच्या नावावर चढवलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी सर्जनचा फोन आला. ‘मॅडम, तुमचंच खरं. ऑपरेशन रद्द.’ मी फोन आपटला. ताईच्या पोटात खरोखर काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि आता तिथे पुन्हा कुणीच बघणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला घरी न्यायला गाडी काढली. ‘दुखायचं थांबलं गं माझं,’ शेजारी बसत ती म्हणाली. मग माझ्या पोटावर अलगद हात ठेवून तिने विचारलं, ‘तुला सोसेल ना?’