निशाण चढायच्या आधी

आमच्या गावात वाऱ्याचं कौतुक कोणालाच नाही. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तो घोंगावत असतो. छपरावर दगड ठेवल्याशिवाय इथे कोणी रात्री पाठ टेकत नाही, आणि तान्ह्या पोराची टोपीसुद्धा हनुवटीखाली गाठ मारून बांधतात. त्या रोजच्या वाऱ्याशी आमचं जमलेलं आहे. पण उन्हाळ्यात समुद्रावर कमी दाबाचा पट्टा सरकत येतो, तेव्हाचा वारा निराळा. तो आधी गोड बोलतो आणि मग कानाखाली वाजवतो. असल्या माणसाला मी दारात उभं केलं नसतं.

उन्हाळा म्हणजे कोंबूचे, खायच्या समुद्री शेवाळाचे दिवस. पाण्याखालच्या खडकांवर वाढलेल्या त्या लांब, जाड पट्ट्या आकडीच्या काठीला गुंडाळून उपटायच्या, होडी भरून आणायच्या आणि किनाऱ्यावरच्या गोट्यांच्या खळ्यावर पसरून त्याच दिवशी वाळवायच्या. दिवसभरात वाळला नाही तर तो कोंबू कोणी हुंगत नाही. म्हणून समुद्रात कधी जायचं हे गावातला एकच माणूस ठरवतो. त्याला निशाणवाला म्हणतात. पहाटे तो टेकाडावर जातो, आभाळ बघतो, पाणी बघतो. पांढरं निशाण वर गेलं की साऱ्या होड्या एकदम सुटतात. लाल गेलं की काठी असेल तिथे टाकून परत फिरायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की पांढरं चढेपर्यंत त्या सकाळी निशाणवाल्याशी कोणी चकार शब्द बोलायचा नाही, घरच्यांनीही नाही. त्याने फक्त समुद्राचं ऐकायचं.

निशाणवाला होता माझा नवरा, एइसाकु. दोन वर्षांपूर्वी गावाने त्याला निवडलं तेव्हा तेच काम माझ्या धाकट्या भावाला, कुराहाचीला हवं होतं. गावातली सगळ्यात जोरकस काठी त्याची, आवाज तर त्याहून जोरकस. पण म्हाताऱ्यांनी कमी बोलणारा माणूस पसंत केला. तेव्हापासून भावाच्या तोंडचं 'दाजी' ऐकलं की शिवी दिल्यासारखं वाटायचं.

त्या आठवड्यात तीन दिवस निशाण चढलं नाही. आभाळ धुतल्यासारखं निळं, डोंगरावरून उतरणारा वारा गरम आणि कोरडा. कोंबू वाळवायला याहून चांगली हवा मागून मिळाली नसती. रेडिओ म्हणत होता की कमी दाब अजून पश्चिमेला लांब आहे. डोंगरापलीकडच्या गावाने तिन्ही दिवस होड्या घातल्या. आमच्या खळ्यावर कुत्री लोळत होती.

तिसऱ्या दुपारी कुराहाची दहाजणांना घेऊन आमच्या अंगणात आला.

"काय दाजी, निशाण उंदरांनी कुरतडलं की काय? ताईला सांगा, ठिगळ लावून देईल."

एइसाकु जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "लाट बघ."

"कुठली लाट? पाणी ताटातल्यासारखं पडलंय."

"ते काठाशी. बाहेर बघ, दक्षिणेकडून लांब लांब लाट येतेय, वारा नसताना. तिला कोणीतरी मागून ढकलतंय."

"आणि पलीकडचे? ते काय डोळ्यांना पट्टी बांधून जातात?"

"त्यांच्या पश्चिमेला डोंगर आहे. आपल्या पश्चिमेला काय आहे?"

"आपल्या पश्चिमेला दाजी आहेत!" कुराहाची म्हणाला आणि सगळे खदाखदा हसले. "सरळ बोला ना. मला निशाण हवं होतं, आता माझी होडी किनाऱ्यावर कुजताना बघून तुमचा जीव थंड होतोय."

एइसाकुच्या हातातली सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली. मला वाटलं, अहो, एकदा तरी तोंड उघडा, एकदा तरी त्याच्या तोंडात मारा.

त्या संध्याकाळी मी दुकानात गेले तर बायका गप्प झाल्या. माझ्याच आतेबहिणीने पाठ फिरवली. घरी येईपर्यंत माझं डोकं भणाणून गेलं होतं. मला राग नक्की कोणाचा आला होता, हे आजही सांगता येणार नाही. भावाचा, बायकांचा, त्या गोडबोल्या वाऱ्याचा. वड्याचं तेल निघालं ते वांग्यावर.

चौथ्या पहाटे एइसाकु दारात बसून बूट चढवत होता. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. रोज मी ठेवून मागे सरते. त्या दिवशी सरले नाही.

"आज पण नाही ना चढवणार?" मी म्हणाले.

त्याने चमकून वर पाहिलं. बोट ओठांवर ठेवलं.

"गप्प कशाला बसू? गाव खरंच बोलतंय. माझ्या भावावरचा राग तुम्ही सगळ्या गावावर काढताय. एवढ्या खुनशी माणसाशी माझं लग्न झालंय हे मला पंचवीस वर्षं कळलं नाही."

चहा तसाच राहिला. तो उठला, दोन्ही निशाणं काखेत मारली आणि टेकाडाची वाट चढू लागला. खुनशी तो नव्हता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? म्हणूनच नेमका तो शब्द मी उचलला. घाव कुठे बसतो ते बायकोला माहीत असतं.

पाच वाजून गेले आणि पांढरं निशाण वर चढलं.

किनाऱ्यावर आरोळी उठली. चाळीस होड्या एकदम सुटल्या. कुराहाची सगळ्यांच्या पुढे, टेकाडाकडे बघून काठी नाचवत. मला तेव्हा आनंद झाला, हेही सांगून टाकते. मी गोटे सारखे केले, डोक्याला फडकं बांधलं आणि पहिल्या होड्यांचा ओला, काळा कोंबू पसरायला लागले. सात वाजेपर्यंत अर्धं खळं भरलं. आतेबहीण हसून म्हणाली, "तोमे, तुझ्या नवऱ्याला अखेर जाग आली म्हणायची!"

मग वारा थांबला. एकदम. फडक्याखालून घाम ओघळला. बगळे रस्त्यापलीकडच्या बटाट्याच्या शेतात जाऊन बसले होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून. मी टेकाडाकडे पाहिलं. पांढरं उतरत होतं, लाल चढत होतं. ते पुरतं वर जायच्या आत पश्चिमेचा वारा आला.

आला म्हणजे काय, तुटून पडला. पसरलेला कोंबू गोट्यांवरून उठला आणि आमच्या अंगावर आला. तीन माणसांच्या लांबीच्या ओल्या पट्ट्या, चाबकासारख्या. माझ्या गालावर एक बसली ती दोन आठवडे दिसत होती. वाळू डोळ्यांत, तोंडात. कोणाच्या तरी शेडचा पत्रा खळ्यावरून खडखडत गेला आणि बायका जमिनीवर पालथ्या पडल्या. समुद्र पांढरा झाला होता. होड्या येत होत्या, कलंडत, पाणी उपसत. लोक कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्या ओढत होते. मी मोजत होते. एकोणचाळीस.

कुराहाची बाहेरच्या खडकाशी होता. नंतर शेजारच्या होडीवाल्याने सांगितलं, त्याने लाल निशाण पाहिलं होतं. काठीला मोठा झुबका लागला होता आणि तो ओरडला, "दाजींचं काय, चढवतात नि उतरवतात! एवढा एक घेतो!" तो एक घेईपर्यंत वाऱ्याने होडी उचलून खडकावर नेली. कपाळमोक्ष टाळायला त्याने उजवा हात पुढे केला. हात होडी आणि खडकाच्या मधे सापडला.

एइसाकु टेकाडावरून धावत आला, कोणालाही न विचारता आमच्या होडीत शिरला आणि त्याला घेऊन आला. शहरातल्या दवाखान्यात हात मनगटापासून काढावा लागला. कोंबूची काठी दोन्ही हातांनी पिळावी लागते.

बारा दिवसांनी मासळीच्या शेडमध्ये गाव बसलं. वारा पडला होता, ऊन होतं. कुराहाची पुढच्या रांगेत होता, बांधलेला हात मांडीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यात वयस्कर इसोकिची आजोबांनी प्रथेप्रमाणे विचारलं, "एइसाकु, त्या सकाळी निशाण चढायच्या आधी तुझ्याशी कोणी बोललं होतं?"

बोललं असेल तर दोष बोलणाऱ्याचा. नसेल तर निशाणवाल्याचा, आणि निशाण त्याच्याकडून जातं. शेडमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

"कोणी नाही," एइसाकु म्हणाला.

मी उठले. "मी बोलले होते. मी त्यांना खुनशी म्हणाले. माझ्यामुळे चढवलं त्यांनी."

कुराहाची वळला. तो बारीक झाला होता, दाढी वाढली होती.

"बस खाली, ताई."

"खरं सांगतेय मी."

"नवऱ्याला वाचवायला आता हेही? आईने तुला असं शिकवलं होतं?"

"आईची शपथ घेऊन सांगते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला कडेवर खेळवलेलं आहे. त्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते मला लहानपणापासून वाचता येतं. त्याला माझं बोलणं पटलं होतं. पटलं तसा त्याचा चेहरा आक्रसला, आई गेली त्या दिवशी आक्रसला होता तसा. त्याला माझ्याशिवाय सख्खं कोणी नव्हतं.

"खोटं बोलतेय ती," तो इसोकिची आजोबांना म्हणाला. आवाज फुटत होता. "दाजींनीच केलंय. माझा हात दाजींनी घेतलाय. दुसऱ्या कोणाचं नाव मला ऐकायचं नाही."

"एइसाकु?" आजोबांनी विचारलं.

"खोटं बोलतेय," एइसाकु म्हणाला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आतेबहिणीने मला दंडाला धरून खाली बसवलं, आणि तेही मायेने, नवऱ्यासाठी जीव टाकणाऱ्या बाईला बसवतात तसं. गेल्या दोन आठवड्यांत कोणी माझ्याशी इतकं प्रेमाने वागलं नव्हतं.

"ज्यांना निशाण काढून घ्यायचं असेल त्यांनी हात वर करा," आजोबा म्हणाले.

कुराहाचीचा उजवा खांदा आधी हलला. मग त्याने डावा हात वर केला. मागोमाग बाकीचे हात गेले. सगळ्यात शेवटी एइसाकुने आपला हात वर केला, आणि माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.