जुने लेबल

“ते लेबल भिजव, नागनाथ, आणि अलगद काढून टाक,” सोमशेखर सर म्हणाले. खिडकी लावायला सांगावे, तसा त्यांचा आवाज होता.

नागनाथने पाण्याच्या वाटीला हात लावला नाही. वनस्पतिशास्त्र विभागाच्या लांब टेबलावर एक पिवळा पडलेला जाड कागद पसरला होता आणि त्यावर दोऱ्याने टाचलेली, पंजाएवढी वाळकी वनस्पती होती. एकोणीस वर्षांपूर्वी, आटलेल्या तळ्याच्या गाळावर चटई अंथरावी तशी पसरलेली ती त्यालाच सापडली होती. सरांनी ती वर्गाला दाखवून ‘झरस’, म्हणजे तळ्याकाठी उगवणारे नेहमीचे तण, असे सांगितले होते.

“सर, ही झरस न्हाय. झरशीच्या पेराला पांढरा पापुद्रा नसतो, हिला हाय,” असे प्रयोगशाळेचा हा शिपाई तेव्हा भर वर्गात बोलून गेला होता.

सरांनी चष्म्यावरून पाहिले होते. “तू काचा पूस, नागनाथ. पापुद्रे आम्ही बघतो.”

चाळीस मुले हसली होती. मग लेबलावर सरांनी सुबक अक्षरात ‘झरस’ लिहिले आणि संग्राहक म्हणून स्वतःचे नाव.

तो हशा नागनाथने जपला. डांबरगोळ्या घालून कपाटातले कागद जपावेत, तसा. दरवर्षी कपाट झाडताना तो हा कागद बाहेर काढी, पापुद्रा शाबूत आहे ना ते पाही आणि पुन्हा जागेवर ठेवी. वाळवीने बाकी सारे खावे, हा एक कागद तेवढा सोडावा, असे त्याला वाटे.

आता त्याच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. सर निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. त्यांचा जिल्ह्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ छपाईला निघाला होता. नमुने तपासायला आली होती डॉ. संघप्रिया, सरांचीच विद्यार्थिनी, त्या चाळिसांतली एक. तिच्यापुढच्या गठ्ठ्यात नागनाथने हा कागद मुद्दाम सर्वांत वर ठेवला होता.

तिने भिंगातून पाहिले आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“सर, ही झरस नाही. पेरापाशी उपपर्णं आहेत, पांढरी, पापुद्र्यासारखी पातळ. कार्नेशनच्या कुळातली आहे ही. पॉलिकार्पॉन.” मग नागनाथकडे वळून ती हलकेच म्हणाली, “मामा, तुम्ही तेव्हा हेच म्हणाला होतात. मी हसले होते.”

“लई जण हसले, बाई. तुमी तर लहान होता.”

हे ऐकूनच सरांनी आता लेबल काढायला सांगितले होते. ग्रंथात या कागदाचे छायाचित्र पानभर जाणार होते. नागनाथ जागचा हलेना, तसा त्यांचा सूर उतरला.

“हे बघा, नागनाथराव, आपण नवं लेबल लिहू. वनस्पतीचं नाव बरोबर. आणि संग्राहक म्हणून तुमचं नाव, वडिलांच्या नावासकट. ग्रंथात छापून येईल. झालं?”

चौतीस वर्षांत त्याने हजारभर लेबले चिकटवली होती. एकावरही त्याचे नाव नव्हते. क्षणभर ते त्याला दिसले. काळ्या शाईतले, छापलेले, नातीने खाली बोट धरून वाचलेले.

“असं कसं, सर?” तो म्हणाला. “तुमीच शिकवलं की. चुकलेलं असलं तरी जुनं लेबल काढायचं न्हाय. दुरुस्तीची चिठ्ठी शेजारी लावायची, खाली सही, तारीख. म्हंजे कोण चुकलं, ते शंभर वर्सांनीबी कळतं.”

“संघप्रिया, तू तरी सांग याला!”

“नियम तोच आहे, सर.”

“अरे, पण मग तुझं नाव कुठंच येणार नाही!”

“न्हाय तर न्हाय,” नागनाथ म्हणाला. “तुमचं हाय, ते हाय तितंच बरं हाय.”

संघप्रियाने चिठ्ठी लिहून सही केली. नागनाथने चिठ्ठीला डिंक लावला आणि ‘झरस’च्या शेजारी, रेषेला रेष जुळवून ती बसवली. खिडकीतून तळ्याचा काठ दिसत होता. गाळाच्या जागी आता फरशी होती, फिरायला येणाऱ्यांसाठी. ती चटई तिथे पुन्हा कधी उगवली नव्हती.

डिंक धरेपर्यंत त्याने अंगठा उचलला नाही. मग सरांच्या देखत भिंग घेतले आणि शर्टाच्या टोकाने त्याची काच पुसली.