लाजरी गाठ

कवळीची शपथ! यातला एक शब्द जरी खोटा निघाला ना, तर माझी कवळी आत्ता, इथंच, तुमच्या मांडीवर गळून पडेल. दात काढू नका पोरांनो, ऐका.

दोन वर्षं मी लाजत होते. बसल्या जागी गाल असे लालभडक व्हायचे की वर कागद धरला असता तर पेटला असता. तुमचे आजोबा खूश! मिशीला पीळ देत गल्लीभर सांगायचे, "अजून लाजते मला!"

सूनबाई मात्र बारीक लक्ष ठेवून. "आई, तुम्ही भाजीवाल्यालाही लाजता. काल तर कपाटाला लाजलात."

"कपाट देखणं आहे," मी म्हटलं.

पण छाती धडधडायची, पोट बिघडायचं. आतून मी घाबरले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, कुठंतरी एक गाठ लपलीय. ती रक्तात रस सोडते, म्हणून गाल पेटतात. पसरायच्या आत सापडायला हवी." इकडून फोटो, तिकडून फोटो, गाठ आपली दर वेळी हातावर तुरी देऊन पसार.

शेवटी एका खोलीत नेलं. तिथल्या मुलीनं शिशाच्या डबीतून इंजेक्शन काढलं. डबी एवढी जड, की मला वाटलं आत वाघ आहे. "हे औषध बरोबर त्या गाठीला जाऊन चिकटतं, आजी. मग यंत्राला ती दिव्यासारखी दिसते." तासभर बसवलं, बोगद्यात सरकवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवलं. पोटभर दिवे!

"मेले गं बाई! एवढ्या गाठी?"

"छे हो! ही प्लीहा, ही मूत्रपिंडं, ही लघवीची पिशवी. हे घरचेच दिवे, सगळ्यांचे लागतात. आपल्याला आगंतुक हवाय... हा बघा!"

वाटाण्याएवढा. एकुलता एक. हृदयामागे, फुफ्फुसाच्या कोपऱ्यात दबा धरून बसलेला.

आजोबा खुर्चीतून टुणकन उडाले. "हृदयामागे! मी काय म्हणत होतो?"

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की चष्मा टेबलाखाली गेला.

वाटाणा काढला, मी ठणठणीत. पण गाल पांढरेफटक. घरी आल्यावर आजोबा समोर बसून टक लावून बघत राहिले. दहा मिनिटं. मिशी हळूहळू खाली.

"आता नाही का गं लाजणार?"

मी तोंड धुवायला गेले, परत आले, तर काय! दोन्ही गाल लालेलाल! आपोआप! सूनबाई डॉक्टरीणबाईंना फोन लावायला धावली, आजोबा आरशाकडे. मिशी पुन्हा वर!

बरं, जवळ या. आजोबांना सांगाल तर कान पिळीन. ते 'आपोआप' तेवढं खोटं. मोरीत उभी राहून मीच गाल चिमटले होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

आणि कवळी कशी पडेल? ती सकाळपासून वाटीत आहे.