आधी थोरली, मग धाकटी

तुम्ही सकाळी दार लावून आत जाता, पाणी सोडता आणि हात धुऊन बाहेर येता. त्यानंतर ते सारे कुठे जाते, हा प्रश्न तुम्ही स्वतःला कधी विचारला आहे काय?

नसेल विचारला, तर आज ऐका. मी बोलते आहे. एका बसच्या पोटाखाली बांधलेली मैल्याची टाकी बोलते आहे. नाक मुरडू नका. तुम्ही टाकता ते मी सांभाळते. नाक मुरडायचेच असेल तर ते मी मुरडायला हवे. देवाने मला ते दिले नाही, हा त्याचा उपकार.

तापलेल्या साच्यात गरगर फिरत माझा जन्म झाला. कारागिराने मला बाहेर काढले, टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाला, "खणखणीत आहे!" तो शब्द ऐकून मी शहारले. दुकानात माझ्या शेजारी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या उभ्या होत्या. माझेही भाग्य तसेच, असे मी धरून चालले होते. मग एक ड्रायव्हर बायकोला घेऊन आला. हातात मापाची पट्टी, खिशात मळका कागद.

"संडासाची टाकी पाहिजे," तो म्हणाला. "बसखाली बसेल अशी."

मी शरमले. पण त्या माणसाने माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि बायकोला म्हणाला, "वरचं सगळं शोभेचं गं. घर उभं राहणार ते हिच्यावर."

त्या एका वाक्याने माझी शरम गेली ती कायमची.

ज्या बसवर त्याने बावीस वर्षे काढली, ती बस सेवेतून निघाली त्याच वर्षी तोही निघाला. त्याने ती मागून घेतली आणि तिचेच घर केले. बाके निघाली. दाराजवळ बायकोचे शिलाई यंत्र आले, मध्ये ओटा, मागे पडद्याआड शौचालय. ड्रायव्हरच्या बैठकीमागे पंधरा वर्षांच्या मुलीचा पलंग आणि पुस्तकांची फळी. बसखाली, चाकांच्या दोन जोड्यांमध्ये, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली, मी. माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण. तिच्यात मोरीचे आणि ओट्याचे पाणी.

मला बसवण्याचा तो दिवस! नवरा पाठीवर पडून पाइप जोडत होता, बायको वाकून पाहत होती.

"अहो, पाणसळ लावली का?"

"लावली. बुडबुडा अगदी मधोमध आलाय बघ."

"मधोमध? म्हणजे पाइप सपाट झाला की! उतार नको का त्याला? मैला काय स्वतःच्या पायांनी चालत जाणार आहे टाकीत?"

पट्टी सैल करत नवरा पुटपुटला, "हेच म्हणणार होतो."

"हो, हो. उद्या म्हणाला असता."

मग त्यांनी मला स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरले आणि खाली शिलाईचे कोरे कागद अंथरले. तिघेही जमिनीवर पालथे पडून त्या कागदांकडे टक लावून पाहत राहिले. एक थेंब पडता तर कागदाने चुगली केली असती. अर्धा तास गेला. कागद कोरडा! मुलगी टाळ्या पिटत उठली ती थेट बसच्या कडेवर डोके आपटून. टेंगूळ चोळत ती हसत होती, आणि मी, खरे सांगते, भरल्या पोटी डुलत होते.

माझ्या भाषेत तीन शब्द आहेत. ओट्यावर तीन दिवे लावले होते: हिरवा म्हणजे रिकामी, पिवळा म्हणजे तयारी करा, तांबडा म्हणजे आता थांबू नका. पिवळा लागला की ज्याची पाळी त्याने चाकांची छोटी ओढटाकी आणायची, पाइप जोडायचा, मला तिच्यात रिकामे करायचे आणि ती गल्लीच्या टोकाला गटाराच्या चेंबरपर्यंत ओढत न्यायची. तोवर माझी झडप घट्ट बंद. हा नियम निष्ठुर वाटतो. पण मैल्याला पाणी लागते. पाणी आधीच वाहून गेले तर उरलेले तळाशी थिजते, ढीग होते, दगड होते.

आणि क्रम असा: आधी माझी झडप, मग बहिणीची, म्हणजे तिच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. घरात त्याचे वचनच झाले होते, "आधी थोरली, मग धाकटी." मुलगी शाळेचा धडा पाठ करताना अडखळली तरी आई हेच म्हणे. अवघड ते आधी, सोपे ते मग. मी अनेक घरांविषयी ऐकले आहे. इतके शहाणे वाक्य कुठल्या भिंतीवर लावल्याचे ऐकले नाही.

तरीही आम्हांला थारा मिळेना. "बसमध्ये राहता? मग घाण कुठे करता?" लोक तोंडावर विचारत. दीड वर्षात तीन ठिकाणे सुटली, मुलीच्या तीन शाळा सुटल्या. तिचे शाळेचे शेवटचे वर्ष उभे राहिले. ते एक वर्ष एका बाकावर बसून पुरे व्हावे, एवढेच त्या तिघांचे देवाजवळ मागणे होते.

ते ऐकले गेले. शाळेच्या कुंपणाला लागून एक फळबाग होती. तिची मालकीण म्हातारी, ताठ, कमी बोलणारी. सारे तिला आजी म्हणत. आम्ही जागा मागायला गेलो तेव्हा आजींनी बसभोवती एक फेरी मारली, वाकून मला पाहिले आणि बागेच्या उतारावरच्या विहिरीकडे काठी रोखली.

"ते पाणी मी पिते. माझी झाडं पितात. एक थेंब माझ्या मातीत पडला, तर त्याच दिवशी चाकं हलवायची. शब्द देता?"

"दिला," मुलीची आई म्हणाली.

चार महिने तो शब्द मी माझ्या पोटात सांभाळला.

मग आला आईचा धाकटा भाऊ. चार दिवसांसाठी म्हणून आला आणि चार दिवस विसरला. अंगाला इतका सुगंध लावी की भाचीने त्याचे नाव अत्तरमामा ठेवले. बोलायला गोड, हसायला मोकळा. दोष एकच. जे स्वतःचे, तेही त्याला दुसऱ्याने उचलावे असे वाटे.

"ताई, या पाळीत मला कशाला ओढतेस? मी पाहुणा ना?"

"पाहुणा संडासला जात नाही का रे?"

"जातो. पण विनम्रपणे जातो."

सारे हसले. पाळी मात्र लागली. पहिल्यांदा त्याने नाकाला रुमाल बांधून ओढटाकी ओढली आणि परतल्यावर अर्धी बाटली अंगावर रिती केली. दुसऱ्यांदा त्याने वेगळाच मार्ग काढला. माझ्या झडपेची दांडी बोटभर उघडी ठेवली, पाइपच्या टोकाचे झाकण दोन आटे सैल केले आणि हात झटकून उठला. थेंब, थेंब, थेंब. माझे पाणी मातीत झिरपू लागले.

मी काय करणार? हाक मारू शकत नव्हते. दिवा होता. माझ्या तळाशी मैला थिजत गेला, ढीग वर चढला, दिवा लावणाऱ्या आतल्या खुणेला चिकटला आणि ओट्यावर तांबडा दिवा लागला. मी माझ्या सगळ्या बळानिशी तांबडी झाले होते! मामाने काय करावे? दिवा काढून खिशात टाकला.

"बिघडला होता," तो म्हणाला. "आणि बघा, माझ्या पाळीत टाकी भरतच नाही. हातगुण लागतो त्याला!"

कामाला जुंपलेली माणसे गोड बोलणाऱ्यावर लवकर विश्वास ठेवतात. त्यांनी ठेवला. हा त्यांचाही दोष, आणि तो मी लपवणार नाही.

पण माती लपवत नाही. उन्हाळा चढला, बागेतले गवत वाळून पिवळे पडले, आणि बसखाली मात्र एक हिरवागार पट्टा उगवला. लुसलुशीत, विहिरीच्या दिशेने उतरत गेलेला. बसबाहेर आलेल्या त्याच्या टोकावरच मामा रोज दुपारी खुर्ची टाकून बसे. "काय गारवा आहे इथे!" तो म्हणे. आपल्याच पापावर पाय सोडून माणूस किती निवांत बसतो, हे मी बसखालून पाहत होते.

एका दुपारी मुलीची पेन्सिल बसखाली घरंगळली. ती काढायला मुलगी पालथी सरकली. तिने गवत पाहिले, हात लावला, हात नाकाशी नेला. मग वर पाहिले. सैल झाकण. त्यावर लोंबणारा एक थेंब. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि माझ्या आत मात्र आनंदाची लाट उसळली: कळले! शेवटी कोणाला तरी कळले!

"मामा, हे काय आहे?"

मामा खुर्चीतून उठला. "हळू बोल गं. आत्ता घट्ट करतो, झालं. पाणीच तर आहे, माती पिऊन टाकते."

"आणि विहीर?"

"विहिरीला काय कळतंय? हे बघ, तू बोललीस की आज चाकं हलणार. तुझी परीक्षा बारा दिवसांवर आलीय. गप्प राहिलीस तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, मामा."

त्याच वेळी उतारावर रहाट करकरला. आजी पाणी काढत होत्या. बादली वर आली, तांब्या बुडाला, तांब्या ओठांकडे चालला. मुलीने एकदा शाळेच्या कुंपणाकडे पाहिले. फक्त एकदा. मग ती धावली. चप्पल एकीकडे, पेन्सिल एकीकडे, आणि सगळी बाग दणाणून सोडणारा आवाज.

"आजी! ते पाणी पिऊ नका!"

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा क्षण. देवळात घंटा वाजते ती मी कधी ऐकलेली नाही; पण ती वाजत असेल तर अशीच वाजत असेल.

आजींनी तांब्या खाली ठेवला. सारे ऐकून घेतले. काठी टेकत बसपर्यंत आल्या, हिरवा पट्टा पाहिला. मुलीचे आईवडील हाक ऐकून बाहेर आले होते. वडील पुढे गेले आणि चाकामागचा पहिला दगड काढू लागले. दिलेला शब्द दिलेला होता.

"थांबा," आजी म्हणाल्या. "या पोरीनं तोंड उघडलं म्हणून माझा घोट वाचला. शब्द ज्यांनी दिला त्यांनी तो मोडलेला दिसत नाही. मोडला कोणी?"

मुलीच्या आईने भावाकडे पाहिले. पाठचा, एकुलता एक भाऊ. तो नजरेने विनवत होता.

"माझ्या भावाने," ती म्हणाली.

"ताई!"

"आधी थोरली, मग धाकटी," ती म्हणाली. "अवघड होतं ते आधी सांगितलं. आता सोपं ते तू कर."

आजींनी दगड परत लावायला सांगितले. बस राहील, पण ज्याने घाण केली त्यानेच ती उपसायची, कोणी हात लावायचा नाही. बारा दिवसांत विहीर निर्मळ झाली नाही, तर चाके हलतील. तोवर आजी आणि बसचे घर शाळेच्या नळावरून पाणी आणणार.

आणि मग सुरू झाले! मामाने मला खाली उतरवले. गरम पाणी ओतून दोन दिवस भिजवले, माझ्या आत खांद्यापर्यंत हात घालून थिजलेला ढीग लाकडी पट्टीने खरवडला. पहिल्या दिवशी रुमाल होता. दुसऱ्या दिवशी तो घामाने भिजून गळून पडला आणि मामाने तो उचलला नाही. त्याने हिरवा पट्टा गुडघाभर खणला, ती माती पाट्यांनी दूर वाहिली, विहीर तळापर्यंत उपसली, गाळ काढला, औषध टाकले. भाची पायरीवर बसून मोठ्याने धडे पाठ करी. ते ऐकत तो उपसत राही. अत्तराची बाटली त्या दिवसांत कोणी पाहिली नाही. अकराव्या दिवशी पाणी तपासणारा आला, नमुना घेऊन गेला आणि बाराव्या दिवशी सकाळी सांगून गेला: पाणी शुद्ध आहे. दप्तर पाठीला लावून मुलगी कुंपणाच्या फाटकातून परीक्षेला गेली, ती उड्या मारतच!

मी आज पुन्हा जागेवर आहे. झडप घट्ट, झाकण घट्ट, तिन्ही दिवे शाबूत. टिचकी मारून पाहा, खणखणीत वाजते. तुमच्याजवळ माझे मागणे एकच. जे तुमच्या अंगातून निघाले, ते तुमचेच आहे. ते दुसऱ्याच्या तांब्यात जाऊ देऊ नका. देव वरून पाहतो, हे खरे. पण तो खालूनही पाहतो, हे माझ्याकडून समजून घ्या.

राहिला मामा. त्याच बाराव्या दिवशी, भाची परीक्षेला गेल्यावर, आजींनी सर्वांना विहिरीवर बोलावले, स्वतः पहिली बादली ओढली, तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला.

मामाने पाण्याकडे पाहिले. आत काय काय गेले होते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. "आजी," तो हळूच म्हणाला, "उकळून घेऊ का?"

"शुद्ध आहे, असं तपासणारा सांगून गेला. आणि माझ्या विहिरीत ते सोडताना मला विचारलं होतंस?"

त्याने डोळे मिटले आणि तांब्या रिता केला.

"उद्या पुन्हा," आजी म्हणाल्या.

आणि मुलीचा शेवटचा पेपर होईपर्यंत, रोज सकाळी, बागेत इतर कोणाच्या ओठाला पाणी लागण्याआधी, विहिरीचा पहिला तांब्या सर्वांदेखत मामानेच प्यायला.